लमैने धिरडं जाळलं त्याची गोष्ट

लमैने आणि मी एकाच भिंतीला पाठ लावून एकवीस वर्षं धंदा केला. माझी कॉफीची गाडी, तिचं भात-कालवण. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला पी लमै म्हणते, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. ती मला नुई म्हणते, आणि रागावली की जाडे.

नवरा गेला तेव्हा तिची लेक ओराथाय नऊ वर्षांची होती. आमच्या फेचबुरी गावात नदीच्या बाजूला तिच्या दिराचं, थवीचं, घर. त्याने घरापुढची जागा तिला मोकळी करून दिली. "रडत बसू नकोस पी, इथं चूल मांड," एवढंच म्हणाला. ते लमै कधी विसरली नाही. विसरली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

ती रोज पहाटे बाजारात जायची आणि जे डोळ्यांत भरेल ते आणून शिजवायची. आठ परातींत आठ कालवणं. परवाचं आज नाही, आजचं उद्या नाही. कचेरीतले कारकून, मोटारसायकलवाले, शाळेतल्या मास्तरणी येऊन विचारायच्या, "आज काय, पी?"

"डोळे आहेत ना? बघ."

बारापर्यंत पराती रिकाम्या. मग ती माझ्या गाडीशी पाय पसरून बसायची, कॉफी प्यायची आणि गल्लीतल्या प्रत्येकाची खोड काढायची.

अशाच एका दुपारी लीस आली. बेल्जियमची, तिशीतली, पाठीवर भलीमोठी पिशवी, उन्हाने नाक सोललेलं. बँकॉकात वर्षभर शिकवून थोडी थाई शिकली होती. रिकाम्या परातींकडे बघून, मावशीला म्हणतात तसं पा म्हणत, लमैला म्हणाली, "पा, भूक खूप. जेवण नाही?"

"संपलं."

ती निमूटपणे वळली. लमैला ते बघवेना. घरी न्यायला समुद्रकाठच्या बान लेमहून आणलेले शिंपले टोपलीत होते. तिने बिडाचा तवा ठेवला, डुकराची चरबी सोडली, तांदळाच्या पातळ पिठात शिंपले कालवून ओतले, वर अंडं फोडलं. कडा कुरकुरीत झाल्यावर दोन उलथन्यांनी तुकडे केले आणि मुगाच्या मोडांवर घालून पुढ्यात ठेवले. शिंपल्यांचं धिरडं. आमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं. लमैचं चांगलं होतं, पण ती ते महिन्यातून एखादेवेळी करायची, तेही आम्हा शेजाऱ्यांसाठी.

लीस पहिल्या घासाला थांबली, मग जीभ भाजेपर्यंत खात राहिली. लमैचे फोटो काढले, माझे नाही. मी हसून म्हटलं, "पी, आता तुझं लग्न जमतंय बघ परदेशात."

"तिकडचा नवरा रोज पाव खाईल. नको गं बाई."

लीसने काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. महिन्याभराने चार गोरे आले, फोनवर लमैचा फोटो दाखवून म्हणाले, "धिरडं." मग कोरियन आले, मग बँकॉकचेच लोक गाड्या घेऊन. सहा महिन्यांत रांग नदीच्या पुलापर्यंत गेली.

थवीने ट्रक चालवणं सोडलं. त्याची बायको गणवेश शिवायची, तिने मशीन विकलं. कांदा नावाची पुतणी मोड निवडायला बसली, तिचा नवरा शिंपले धुवायला. सात माणसं त्या एका तव्यावर जगू लागली. पराती धुऊन माळ्यावर गेल्या. "लोक धिरड्यासाठी येतात, पी. आठ भांडी कशाला घासायची?" थवी म्हणाला, आणि बोलणं खोटंही नव्हतं.

सकाळी आठ ते चार लमै तव्यापुढे. चरबीच्या धुराने डोळे चुरचुरत, म्हणून थवीने तिला वेल्डरचा चष्मा आणून दिला. माझ्या कॉफीचाही खप वाढला, तक्रार कुठल्या तोंडाने करू? पण तिचं खोड्या काढणं बंद झालं. एकदा मी तिला विचारलं, "पी, आज बाजारात काय होतं?"

"मला काय माहीत? शिंपले घरपोच येतात."

दुसऱ्या वर्षी ओराथायला दिवस गेले. ती लांब उत्तरेला, लाम्पांगला शाळेत शिकवते, सासर तिकडचंच. पहिलं बाळंतपण, म्हणून लमैने महिनाभर जायचं ठरवलं. थवीने तोंड पाडलं, पण नाही म्हणाला नाही. कांदा तव्यापुढे बसणार होती. लमैने तिला पंधरा दिवस शिकवलं. मी दोघींची धिरडी डोळे मिटून खाल्ली आणि मला फरक कळला नाही, खरंच सांगते.

निघायच्या दिवशी सकाळी लमैला मी स्वतः बसमध्ये बसवून दिलं. मांडीवर बाळाच्या दुपट्यांचं गाठोडं होतं. नऊच्या सुमाराला रांगेत कुजबुज सुरू झाली. पुढची बाई कांदाला म्हणाली, "तू नाहीस. ती चष्मेवाली कुठे आहे?"

"काकू बाहेरगावी गेल्या. धिरडं तेच आहे."

"आम्ही तीन तास गाडी चालवत आलोय."

कुणी कांदाचा फोटो काढला, कुणी हसलं. पोरगी रडायला लागली, तवा करपला. थवीने फोन लावला तेव्हा लमै बँकॉकला उत्तरेची बस शोधत होती. "पी, साठ माणसं उभी आहेत. मी तुला ये म्हणत नाही. फक्त सांगतोय."

दुपारी दोनला ती परत आली. गाठोडं माझ्या गाडीखाली सरकवलं आणि चष्मा चढवला. रांगेने टाळ्या वाजवल्या.

तिला कुणी बांधून आणलं नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "जाडे, बांधलं असतं तर सोडवून घेतलं असतं."

चार दिवसांनी नात झाली. कांदाने फोन तव्यासमोर धरला, लमैने दोन्ही हातांनी उलथनी चालवत बाळ बघितलं. चष्म्यातून नीट दिसेना, पण चष्मा काढायला हात मोकळा नव्हता.

चौथ्या वर्षी थंडीत लीस पुन्हा आली, आपल्या आईला घेऊन. रांगेत दोन तास उभी राहिली. जवळ आल्यावर हात जोडून म्हणाली, "पा लमै! ओळखलं का?"

लमैने चष्मा कपाळावर सरकवला. मला वाटलं, आता ही हिला उलथन्याने मारणार. पण ती शांतपणे म्हणाली, "ओळखलं. तूच लिहिलंस ना?"

"हो! किती लोक आले!" लीसचा चेहरा फुलला होता.

"आता दुसरं लिही. लिही की लमैचा हात गेला. आता येऊ नका."

लीस हसली. लमै हसली नाही. मग लीसने माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली.

"पण पा, ते खोटं होईल. तुमचं धिरडं अजून चांगलं आहे. मी वासावरून सांगते."

"खोटं नको लिहूस," लमै म्हणाली. "थांब."

तिने पीठ ओतलं, अंडं फोडलं, मुठीने मीठ टाकलं आणि हात बाजूला घेऊन उभी राहिली. कडा तपकिरी झाल्या, मग काळ्या. धूर उसळला. कांदा ओरडली, "काकू, जळतंय!" थवी गल्ल्यावरून धावत आला. लमैने त्याला हाताने अडवलं. कोळसा झालेलं ते धिरडं तिने ताटात घालून लीसच्या पुढे ठेवलं.

"खा. मग लिही."

लीसने दोन घास खाल्ले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मिठाने की कशाने, मला सांगता येणार नाही. उठताना ती लमैपुढे वाकून म्हणाली, "मला माहीत नव्हतं."

"तुझी काय चूक? तुला भूक लागली होती."

आणि लीसने लिहिलं. या वेळी कांदाच्या नवऱ्याने आम्हाला वाचून दाखवलं: मी जिला शोधलं होतं तिचं धिरडं जळलेलं होतं, खारट होतं, आता तिला निवांत राहू द्या.

दोन आठवडे रांग खरोखर आटली. थवी वहिनीशी बोलेना. लमै अकरा वाजता माझ्याकडे येऊन बसली, पाय पसरले, आणि पुलाकडून येणाऱ्या न्हाव्याला बघून म्हणाली, "ह्याने स्वतःचेच केस स्वतः कापलेत वाटतं." मला इतका आनंद झाला की तिच्या कॉफीत मी दूध दोनदा घातलं.

तिसऱ्या आठवड्यात लोक आले. आधीपेक्षा दुप्पट. खरंच बिघडलंय का ते बघायला. खाऊन भांडले, बिघडलंय म्हणणारे आणि नाही म्हणणारे. मग एकजण म्हणाला, "मला ते जळकं द्या. लीसला दिलेलं." त्याच्या मागचा म्हणाला, मलापण. आठवड्याने थवीने पाटीवर रंगाने लिहून टाकलं: जळकं धिरडं, रोज फक्त वीस.

"पी, तू डोकं चालवलंस बघ!" तो लमैला म्हणाला. मनापासून म्हणाला. लमैने पुढचं अंडं फोडलं.

शेवटी तिची सुटका कोपराने केली, तीही थोडीशीच. यंदा मार्चमध्ये उजवा हात वर जाईना. डॉक्टरीणबाईने थवीला समोर बसवून सुनावलं, "आठवड्याला एक दिवस तवा बंद, नाहीतर हात कायमचा जाईल." थवी घाबरला. बुधवार बंद ठेवायचं ठरलं.

पहिल्या बुधवारी लमै पहाटे चारला उठली, बाजारापर्यंत गेली आणि काहीच न घेता परत आली. "काय घ्यायचं तेच सुचेना," म्हणाली. मग माझ्या बाकावर बसली. दोन पोरींनी लगेच फोटो काढायला फोन पुढे केले. आता ती भिंतीकडे तोंड करून बसते. कधी दोन वाक्यं बोलते, कधी बोलतही नाही. मी तिच्या कोपराला तेल लावून देते.

ओराथाय पुढच्या महिन्यात लेकीला घेऊन येणार आहे. पोरीने आजीला अजून समोरासमोर पाहिलेलं नाही. लमैने परवा माझ्याच फोनवरून तिला कळवलं.

"बुधवारी ये," म्हणाली. "मंगळवारी नको. बुधवारीच ये."