अंजिराच्या काड्यांना मुळं फुटली!

मंडळी, आज सकाळपासून आमच्या मोहाडीच्या घरात नुसता आनंद आहे.

जवाहरनगरच्या आमच्या जुन्या क्वार्टरमागे, शेजारच्या काकूंच्या अन् आमच्या कुंपणावरच एक अंजिराचं झाड आहे. लहानपणी अंजिरं पिकली की आई अन् काकू तिथंच उभ्या राहून वाटणी करायच्या. आता ती क्वार्टरं पाडणार असं ऐकलं, म्हणून मागच्या महिन्यात जाऊन मी दोन काड्या तोडून आणल्या.

या थंडीत त्या जगतील का, हीच धास्ती होती. आईनं त्या प्लास्टिकच्या ग्लासांत मातीत खोचल्या अन् फ्रिजवर ठेवल्या, तिथं जरा कोमट असतं. संध्याकाळ झाली की वरून स्वतःची शाल गुंडाळायची. मी पाहायला गेले की दटावायची, "हात नोको लावू, त्यायले ऊब पायजे!"

आज दोन्ही ग्लासांतून पांढरी मुळं दिसली. आईनं लगेच काकूंना फोन लावला. त्या आता नाकाडोंगरीला लेकाकडे राहतात.

"अवं बाई, आपलं झाड जगलं! एक तुह्यं, एक माह्यं."

"पाठवू नोको," काकू म्हणाल्या, "मीच येतो घ्याले."

किती वर्षांनी भेटतील दोघी! काकू रविवारी येणार आहेत, पण आईनं आजच नवीन लुगडं काढून ठेवलंय.

तुमच्याकडे होतं का असं दोन घरांचं एक झाड?