उन्हाळ्यातला स्वेटर

पोलिसातून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी भर एप्रिलात कुणी स्वेटर घातलेला दिसला की मला तो रिक्षावाला आठवतो.

आमच्या म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात सकाळी दहाच्या सुमारास त्याची रिक्षा दुकानाच्या कट्ट्यावर चढून उलटली. मागे त्याचीच नऊ वर्षांची मुलगी बसली होती. ती जागीच गेली. लोकांनी त्याला चोप देत ठाण्यात आणलं.

चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, जीभ जड, अंगात स्वेटर. माझ्या मुरलेल्या नजरेला ही नशाच दिसली. मशीनमध्ये फुंकायला लावलं, दारू निघाली नाही. मी मत बदललं नाही, फक्त दारूच्या जागी गोळ्या धरल्या. रिक्षा स्टँडवरचा माझा खबऱ्याही म्हणाला, गडी बसल्या जागी डुलतो, काहीतरी घेत असणार. मला हवं होतं तेच तो बोलला.

रिक्षावाला आणि मी, दोघेही इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी रंगाऱ्यांच्या घरातले, म्हणून मी घरच्या मराठीत विचारलं.

“डोळ्यांपुढं कत्तले आलं, सर. मुंदे काही गोत्तिल्ल.” अंधार आला, पुढचं माहीत नाही, एवढंच तो सांगे. एकेका उत्तराला इतका वेळ लावी की मला वाटे, खोटं जुळवतोय. दुसऱ्या दिवशी चौकशीत तो खुर्चीवरून कोसळला. हवालदाराने कांदा फोडून नाकाशी धरला. नाटक करतोय, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. शुद्धीवर येताच पुन्हा गोळ्यांचंच विचारलं.

“घेतली म्हणून लिहा, सर. पोरगी तर गेली.”

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला पाठ होतं. तरी त्याच्या बायकोचा जबाब पक्का व्हावा म्हणून ती कबुली मी तिला सांगितली. कोर्टात चालली नसती, घरात चालली. नवरा मला मेला, असं म्हणून ती निघून गेली.

त्याची रवानगी तुरुंगात झाली. तिथल्या डॉक्टरने त्याच्या टाचेमागे लहान हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत यायला फार वेळ लागला. रक्त तपासलं, तर गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जवळजवळ बंद पडलेली. सूज, घोगरेपणा, थंडी, मंद नाडी, शुद्ध हरपणं, सगळं त्यातूनच. मी एकेक करून पुरावा म्हणून लिहिलेलं ते हेच. आधीही दोनदा तो घरी कोसळला होता. गल्लीतल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. लायसन्स जाईल या भीतीने त्यानेही तोंड उघडलं नाही.

इस्पितळात हलवलं, पण उशीर झाला होता. तो दाराकडे बघत बायकोचं विचारायचा. तिला खरं सांगायला मला तोंड नव्हतं. नवरा सीरियस आहे, एवढाच निरोप मी हवालदाराबरोबर पाठवला. ती आली नाही.

तो गेल्यावर मात्र मी रिपोर्ट घेऊन तिच्या दारात उभा राहिलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

“हे तुम्हाला कधी कळलं, सर?”

“सोमवारी.”

“आणि ते गेले कधी?”

“शुक्रवारी.”

तिने दार लावून घेतलं. त्यानंतर माझ्या ठाण्यात कुणी कोसळलं की मी कांदा आणू दिला नाही, आधी डॉक्टर बोलावला. एवढं शिकलो. त्या चार दिवसांत मात्र तिच्या दारापर्यंत मी गेलो नव्हतो.