पाठीमागची गाठ

आमचे हे झाडं छाटतात. लोकांच्या अंगणातली, रस्त्याकडेची, शाळेच्या छपरावर वाकलेली. खालून फेकून वरच्या बेचक्यातून दोर घालायचा, एक टोक यांच्या कमरेला, दुसरं खाली मित्राच्या हातात. म्हणून यांना सगळे खारूताई म्हणतात आणि मित्राला खुंटा. मी त्यांना भावजी म्हणते. सख्ख्या दिरांनी माझ्या हातचा एवढा चहा प्यायलेला नाही.

त्यांची एक रीत आहे. कमरेची गाठ भावजींनीच बांधायची, तीही पाठीमागे, म्हणजे छाटताना मध्ये येत नाही. हे ती चाचपूनसुद्धा बघत नाहीत. "बघितली तर मैत्री कसली?" लग्न झालं तेव्हा मला याचं कौतुक वाटायचं. आता त्याचीच भीती वाटते.

कारण भावजी विसरायला लागलेत. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं. परवा माझ्याच स्वयंपाकघरात उभे राहून विचारतात, "वहिनी, मोरी कुठे?" मी हसण्यावारी नेलं. तेही हसले, पण घाबरलेले होते.

त्यात झाडंही पूर्वीची राहिली नाहीत. ऊन वाढलंय, वारा भलतीकडून येतो, हिरवीगार फांदी आतून भुसा निघते. पूर्वी हे पाय ठेवण्याआधी झाड ओळखायचे. आता म्हणतात, "काही सांगता येत नाही गं."

काल डबा द्यायला गेले तर हे नुकते चढायला लागले होते. पाठीवरची गाठ दिसली. बुटाच्या नाडीला बांधतात तशी! ओरडावं तर हे दचकून पडायचे, शिवाय भावजींना कळायचं. डबा छातीशी धरून तशीच उभी राहिले. भावजी मान वर करून सांगत होते, "सावकाश रे, खारे! मी आहे." हे पानांत शिरले आणि दिसेनासे झाले. काम आटोपून उतरले तेव्हाही गाठ तशीच, नाडीची. भावजींनी ती झटक्यात सोडली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

घरी आल्याबरोबर मी यांना धारेवर धरलं.

"ठाऊक आहे मला," हे म्हणाले. "पहिल्या फांदीवर पोचलो की पानांआड नीट बांधून घेतो."

"मग उतरताना ती नाडी कुठून आली?"

हे बराच वेळ हात धूत राहिले. "उतरण्याआधी पुन्हा तशीच बांधतो. त्याची असते तशी."

म्हणजे रोज माझा नवरा नुसत्या हातापायांवर खाली येतो. "अहो, सांगून टाका ना त्यांना!"

"सांगितलं की तो घरी बसेल. घरी बसला की उरलंसुरलंही विसरेल. मलासुद्धा."

या माणसाला उंचीची भीती वाटलेली मी कधी पाहिली नव्हती. हे बोलताना मात्र त्यांचा आवाज कापला. माझा राग गेला, धास्ती तेवढी राहिली.

"उद्या कुठे आहे काम?" मी विचारलं.

"दवाखान्यामागची निलगिरी."

ती मी रोज बघते. गुळगुळीत खोड, तीन मजल्यांपर्यंत फांदी नाही, आड व्हायला पान नाही. तिथे पाय टेकायलाही काही नाही. भावजी खालून दोर ओढून वर घेणार; जमीन सुटली की सगळा माणूस त्या गाठीवर.