मालतीचा आकडा

त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून गिझर बंद केला. म्हणजे बटण मी दाबलं, हुकूम मालतीचा. शारजात एप्रिलमध्ये गच्चीवरची टाकी तापली की थंड नळालाच गरम पाणी येतं, मग गिझर हवा कशाला? तो दिवस दरवर्षी माझी बायकोच ठरवायची. उठली की बादली भरायची, कोपरापर्यंत हात बुडवायची, तोच ओला हात खिडकीबाहेर काढून वारा बघायची आणि आज पारा कुठवर चढणार ते सांगायची.

मी चौथी शिकलो, ती तेवढीही नाही. गॅरेजात तीस वर्षं इंजिनं उघडली, पण तिच्याइतकं नेमकं एकही बोललं नाही. "समुद्राचा वारा आहे, छत्तीसच्या वर जात नाही. यल्ला, चला, पापड वाळत घाला!" घालणारा अर्थात मी.

आमचा विनू दुबईत ऑफिसात. त्याच्या मोबाईलवर एक बाजार होता. आज विमानतळावर जास्तीत जास्त किती तापमान होणार, यावर जगभरचे लोक पैसे लावतात. आई आकडा सांगायची, हा लावायचा आणि जिंकायचा.

"आई, बाजार अडतीस म्हणतोय."

"बाजाराने हात घातलाय का पाण्यात?"

आधी गंमत होती. मग हा मोठाले पैसे लावायला लागला. जेवताना मोबाईल, कामावर मोबाईल, साहेबाची दोनदा ताकीद. इथे जुगार पकडला तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास. मी शिव्या घातल्या. तो हसला. "बाबा, जुगार दुसऱ्यांचा. माझ्याकडे आई आहे."

मालतीने ते ऐकलं.

आणि त्या सकाळी मला गिझर बंद करायला लावून ती विनूला म्हणाली, "आज चौतीस. डोळे मिटून लाव."

"अगं, पाणी तर..." मी तोंड उघडलं. तिने माझ्या पायावर पाय दिला, चांगला जोरात. विनूने होतं नव्हतं ते लावलं.

दुपारी भाकरी थापता थापता ती खाली बसली, ती उठलीच नाही. हृदय बंद पडलं. विनू धावत आला तेव्हा बाहेर एक्केचाळीस होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागदांसाठी आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. विनूचे डोळे सुजलेले, मोबाईल हातातच. म्हणाला, "तब्येत बिघडली होती, म्हणून चुकली ती. नाहीतर आई चुकत नाही. आता मीच शिकेन पाण्यावरून."

शेवटच्या दिवशी आई खोटं बोलली, हे पोराला कसं ऐकवायचं? पण तिला चुकलेली म्हणतोय, तेही मला सोसेना.

"ती चुकली नाही," मी म्हटलं. "चाळीस ओलांडणार हे तिला सकाळीच कळलं होतं. तुला हरवायचं होतं तिला."

मी हात पुढे केला. त्याने मोबाईल दिला.