सिग्नलचा हात डावीकडेच असतो

आधीच सांगून टाकते: जिंकलो आम्ही. म्हणजे जिंकले माझे बाबा, आणि हरले ते मी आणि इंग्लंडातले झाडून सारे रेल्वेवेडे. पण मी त्यांची मुलगी, तेव्हा जिंकलेल्यांतही स्वतःला धरते. कोणाची हरकत असेल तर नेपरव्हिलला या, माझ्या स्वयंपाकघरात बसून भांडा. चहा करीन.

बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. नोकरीची बहुतेक वर्षं भुसावळ आणि नागपूर, पण सत्तरच्या दशकात खात्यानं त्यांना सहा महिने इंग्लंडला ट्रेनिंगला पाठवलं होतं. बरोबरचे लोक परत येताना ट्रान्झिस्टर, सेंटच्या बाटल्या, नायलॉनच्या साड्या घेऊन आले. बाबा बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे घेऊन आले आणि त्यात बिस्किटं नव्हती, स्लाइड्स होत्या. चौकटीत बसवलेला फिल्मचा इवलासा तुकडा, उजेडासमोर धरून बघायचा, नाहीतर प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडायचा. त्यात ना राजवाडा, ना पूल, ना खुद्द बाबा. नुसती इंजिनं, प्लॅटफॉर्म, सिग्नलचे खांब. आई पाहुण्यांना सांगायची, "सहा महिने विलायतेत राहिले आणि फोटो कशाचे काढले, तर खांबांचे!"

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे अमेरिकेत आले. डबे हॅन्डबॅगेत होते, कपडे चेक-इनमध्ये. थंडी पडेपर्यंत त्यांचं बरं चाललं होतं. रोज सकाळी चालत स्टेशनावर जायचे, शिकागोच्या डबलडेकर गाड्या बघायचे आणि घरी येऊन कुठली किती मिनिटं लेट होती ते मला ऐकवायचे. मी कामाच्या कॉलवर असले तरी ऐकवायचे.

मग दोनदा गॅस चालू राहिला. एकदा त्यांनी मला विचारलं, आईचा चष्मा कुठे ठेवलास? मी घाबरले. डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या मुलीनं कागद दिला आणि म्हणाली, घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. बाबांनी विचारलं, "सकाळचे की रात्रीचे?" ती म्हणाली, त्यानं काही फरक पडत नाही. "फरक कसा पडत नाही? माणसाची गाडी चुकेल!" असं म्हणून त्यांनी चोवीस आकड्यांचं घड्याळ काढलं, रेल्वेचं. त्या मुलीनं कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं. डॉक्टर म्हणाले, फार काळजीचं नाही, पण लक्ष ठेवा. मी इतकं लक्ष ठेवायला लागले की त्यांनी मीठ मागितलं तरी मला शंका यायची, आत्ताच तर घेतलं ना?

जानेवारीत बर्फ साचला, स्टेशनावर जाणं बंद झालं. बाबा खिडकीशी बसून राहायला लागले. तेव्हा मला डबे आठवले. स्कॅनर मागवला, पहिला डबा उघडला. स्लाइड्सच्या प्लास्टिकच्या चौकटींवर एकेका कोपऱ्यात नेलपॉलिशचा लाल ठिपका. हात्तिच्या, म्हटलं, हे माझेच उद्योग! लहानपणी आईच्या नेलपॉलिशनं मी घरभर रंगकाम केलेलं होतं आणि त्यापायी मारही खाल्ला होता. मी रिमूव्हर आणि कापूस घेऊन अख्खा डबा लख्ख पुसून काढला. स्वतःवर बेहद्द खूश झाले.

इंटरनेटवर ब्रिटिश रेल्वेच्या जुन्या फोटोंचा एक ग्रुप सापडला. तिकडचे रिटायर झालेले ड्रायव्हर, गार्ड, सिग्नलमन, आणि नुसतेच वेडे. बाबा मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहून फोटो टाकायचे. लोक अक्षरशः तुटून पडले. कोणी लिही, या डेपोचा रंगीत फोटो मी पहिल्यांदा पाहतोय. कोणी लिही, तुमच्या वडिलांना साष्टांग नमस्कार सांगा. बरं, साष्टांग त्यांनी म्हटलं नव्हतं, ते मी माझ्या पदरचं घातलं. बाबा सकाळी उठल्या उठल्या विचारायचे, "आज काय म्हणतात विलायतवाले?" दाढीसुद्धा रोज व्हायला लागली.

आणि मग तो फोटो आला. बाबांचा सगळ्यात लाडका. उत्तर इंग्लंडातलं एक चिमुकलं स्टेशन, एकच रूळ, पलीकडे चर्च, आणि सिग्नलची केबिन. तिथल्या सिग्नलमननं बाबांना वर बोलावून चहा दिला होता आणि म्हणाला होता, ओढा हा लिव्हर, तुम्ही खात्यातलेच. बाबांनी ओढला, बाहेर सिग्नलचा हात वर गेला, आणि ते पायऱ्या उतरून पळत खाली आले आणि गाडी यायच्या आत फोटो काढला. परक्या देशात माझ्या हातानं दिलेला सिग्नल, असं म्हणताना चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचा आवाज भरून यायचा. लहानपणापासून मी ही गोष्ट शंभरदा ऐकली होती.

ग्रुपमध्ये एक आजोबा होते, प्रोफाइलच्या फोटोत चपटी टोपी घातलेले. आयुष्य सिग्नल केबिनमध्ये काढलेला माणूस, त्यांचा शब्द म्हणजे तिथे शेवटचा. त्यांनी सभ्यपणे लिहिलं, 'मी या स्टेशनावर काम केलं आहे. चर्चकडे तोंड करून उभं राहिलं तर केबिन रुळाच्या डावीकडे होती. या फोटोत ती उजवीकडे आहे. हे ते स्टेशन नव्हे. आपल्या वडिलांची काहीतरी गल्लत होते आहे.'

मी बाबांना विचारलं. "केबिन डावीकडेच होती," बाबा म्हणाले. मी फोन त्यांच्यापुढे धरला, बघा, उजवीकडे आहे. फोनवरचा फोटो त्यांना पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो. त्यांनी डोळे बारीक केले, मान हलवली. "डावीकडेच होती."

आता फोटो खोटं बोलेल का? टोपीवाले आजोबा म्हणतात स्टेशन चुकलं, बाबा म्हणतात डावीकडे, आणि फोटोत धडधडीत उजवीकडे. गॅस, चष्मा, चोवीस आकड्यांचं घड्याळ, सगळं एका रांगेत उभं राहिलं. त्यात खाली इतरांच्या कॉमेंट्स सुरू झाल्या, मग बाकीच्या फोटोंची माहिती तरी खरी कशावरून? मला ते बंद करायचं होतं. म्हणून मी लिहून मोकळी झाले, 'क्षमा असावी. माझे वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांची स्मरणशक्ती आता भरवशाची राहिलेली नाही.'

आणि मी विसरले की बाबांच्या टॅबवरही तो ग्रुप होता. अक्षरं मोठी करून मीच लावून दिला होता.

बाबांनी ते वाचलं. टॅब पालथा ठेवला आणि उठून खोलीत गेले. दुसऱ्या दिवशी मी पुढची स्लाइड दाखवली, हे कुठलं हो बाबा? "मला आठवत नाही." त्याच्या पुढची? "मला आठवत नाही." चार दिवस हेच. दाढी वाढली. गाडीच्या डब्यातल्या बाकांचा रंग सांगणारा माणूस, मला आठवत नाही! कसल्याही आजारानं नाही, माझ्या एका ओळीनं त्यांचं तोंड बंद केलं होतं. माफी मागायला गेले तर म्हणाले, "तू खरंच लिहिलंस गं. झालंय वय." मला वाटलं, त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भीती एकच होती, हा माणूस आता मुद्दाम विसरायला लागणार. आणि एकदा का मुद्दाम विसरायला लागले की खरं विसरणं कुठून सुरू झालं ते आम्हाला कळणारसुद्धा नाही.

रविवारी सकाळी मी थालीपिठं लावत होते. नवऱ्याला काय सुचलं कोण जाणे, त्यानं स्कॅन केलेला सगळा अल्बम टीव्हीवर लावून दिला, फोटो आपोआप बदलत राहतील असा. बाबा मान खाली घालून खात होते. इंजिन गेलं, प्लॅटफॉर्म गेला, आणि तो फोटो आला, भिंतभर. मी पटकन रिमोट शोधायला लागले.

"थांब!" बाबा ओरडले. असा आवाज मी त्यांच्या रिटायरमेंटनंतर ऐकला नव्हता. "हात लावू नकोस. फोटो तिथेच ठेव."

खुर्ची सरकवून ते टीव्हीपाशी गेले. हाताला लोणी तसंच. बोट त्या सिग्नलवर ठेवलं, माझ्या स्वच्छ टीव्हीवर.

"हा रंग कोणता?"

"लाल. मध्ये पांढरा पट्टा."

"म्हणजे ही सिग्नलची पुढची बाजू. ड्रायव्हरला दिसणारी. मागची पांढरी असते, काळ्या पट्ट्याची. बरोबर? मग हात खांबाच्या कुठल्या बाजूला पाहिजे?"

"मला काय माहीत, बाबा!"

"सिग्नलवाल्याची पोरगी म्हणवतेस! डावीकडे! समोरून बघितलं की हात डावीकडेच असतो. इंग्लंडात डावीकडे, भुसावळला डावीकडे. आणि इथे लाल बाजू समोर असून हात उजवीकडे? असला सिग्नल जगात नाही." ते माझ्याकडे वळले. "स्लाइड उलटी घातलीस तू. आरशातलं चित्र आहे हे."

नवऱ्यानं तोंडात बोट घातलं. तव्यावरचं थालीपीठ करपलं, मी बघितलंसुद्धा नाही.

"पण उलटी घालशीलच कशी?" बाबा म्हणाले. "प्रत्येकीवर ठिपका लावलाय ना मी. हातात धरली आणि ठिपका डाव्या अंगठ्याखाली आला की चित्र सुलट. बुरशी लागली म्हणून सगळ्या चौकटी बदलल्या, तेव्हा आईची नेलपॉलिशची बाटली संपवली होती मी. दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी. ठिपका दिसला नाही तुला?"

आता काय सांगू? मग सांगितलं, पुसले म्हणून. सगळ्या डब्याचे पुसले म्हणून. मला वाटलं मीच लहानपणी…

बाबांनी कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागले. खोकला येईपर्यंत हसले. "अगं बये, आणि भरवसा माझ्या डोक्याचा नाही होय!"

मी तशीच पिठाच्या हातानं स्कॅनरकडे पळाले. बाकीच्या फोटोंत पाट्या नाहीतर इंजिनाचे नंबर होते, ते उलटे दिसले की मी सरळ करून घेत होते. या एकात अक्षर म्हणून नव्हतं. स्लाइड फिरवून पुन्हा स्कॅन केली, टीव्हीवर टाकली. केबिन डावीकडे. चर्च जिथल्या तिथे. आणि सिग्नलचा हात डावीकडे, वर उचललेला, माझ्या बाबांनी ओढलेला. मला रडूच फुटलं. आनंदाचं म्हणा, लाजेचं म्हणा, दोन्हीचं होतं.

ग्रुपवर काय लिहायचं ते बाबांनी उभ्या उभ्या सांगितलं, खात्याचं पत्र असावं तसं. 'आपले म्हणणे बरोबर, केबिन डावीकडेच होती. माझेही तेच म्हणणे होते. स्लाइड उलटी लागली होती. तथापि, लाल बाजू समोर असताना सिग्नलचा हात उजवीकडे, ही गोष्ट आपणा सर्व जाणकारांच्या नजरेतून कशी सुटली, याचा कृपया खुलासा व्हावा.'

आहा! तो शेवटचा प्रश्न मी एक शब्दही सौम्य न करता इंग्रजीत घातला.

दुपारपर्यंत नुसता धुमाकूळ. जो तो स्वतःच्या डोक्यात टपली मारून घेत होता. टोपीवाल्या आजोबांचं उत्तर संध्याकाळी आलं. 'सिग्नल बघत जन्म गेला आणि मला दिसलं नाही. सद्गृहस्थांना सांगा, मी उठून उभा राहिलोय, टोपी हातात आहे.' ते मी बाबांना तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा त्यांनी टॅब घेतला आणि स्वतः वाचलं. छाती अशी फुगली होती की स्वेटरचं बटण तुटायचं.

मग त्यांचं बोट वर सरकत गेलं आणि माझ्या त्या ओळीवर थांबलं.

"डिलीट करते, बाबा. आत्ता करते."

"खबरदार!" बाबा म्हणाले. "रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची नाही. चुकीची नोंद पुसली की नोकरी जायची आमची. एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, आणि सही."

त्या ग्रुपवर अक्षरांवर रेघ मारायची सोय नाही. पण मी शोधून काढली, रेघ मारलेली अक्षरं दुसरीकडे तयार करून इथे चिकटवली. 'त्यांची स्मरणशक्ती आता भरवशाची राहिलेली नाही', यावर आडवी रेघ. शेजारी लिहिलं, 'वडिलांची नोंद बरोबर होती. चूक माझी.' खाली माझं नाव, सगळं, आडनावासकट.

बाबांनी चष्मा पुसला, टॅब खिडकीच्या उजेडात धरला आणि ओळ नीट तपासली.

"वाचता येतंय अजून," ते म्हणाले.

"येतंय."

"मग ठीक आहे." त्यांनी टॅब खाली ठेवला आणि दुसरा डबा माझ्याकडे सरकवला. "चल, घे लिहून. आणि ठिपके पुसू नकोस."