दोन वर्षं उलटा टांगलेला सूर्य

मी मीठमसाला न लावता काही सांगितल्याचं पूर्णेत कुणाला आठवत नसेल. तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. चित्रकलेच्या बाई चुडाव्याहून रोज पॅसेंजरने यायच्या. त्यांना मी लग्नाचं विचारलं, तेव्हा त्यांची तक्रार एवढीच होती: "बोलता लय गोड, सर. पण त्यात खरं किती, ते बगायचंय मला. प्रदर्शन होऊ द्या, मग सांगते."

प्रदर्शन म्हणजे परभणीचं विज्ञान प्रदर्शन, संक्रांतीनंतरचं. आमचा विषय साक्षात सूर्य! सत्त्याहत्तर साली शाळेच्या कपाटात निजामाच्या काळातल्या कुणा मोजणीदाराची दुर्बीण सापडली होती. तिच्यातून ऊन कागदावर पाडलं की ताटलीएवढं बिंब उमटायचं आणि त्यावर काळे डाग. मधल्या सुट्टीत, भर दुपारी, मी दुर्बीण नीट लावायचो आणि बाई पेन्सिलीने डाग टिपायच्या. वरच्या अर्ध्यातले उत्तरेचे, खालच्या अर्ध्यातले दक्षिणेचे. असं दोन वर्षं.

हे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि ओसरतात. गंमत अशी, की सूर्याचे दोन अर्धे एकमेकांसाठी थांबत नाहीत. एक पुढे पळतो, दुसरा रेंगाळत येतो. आमच्या वहीत दक्षिणेकडे जत्रा भरलेली आणि उत्तरेत शुकशुकाट. मी झोकात तक्ता रंगवून घेतला: 'दक्षिण जागी, उत्तर झोपेत!' खाली पेन्सिलीने दोघांच्या सह्या, शेजारीशेजारी. खरं तर तेवढ्यासाठीच मी सूर्याच्या वाटेला गेलो होतो.

हेडमास्तर म्हणाले, "सूर्याचे सुदिक भाग पाडले का? आता तालुके पाडा, तहसीलदार नेमा अन् माझी तिकडं बदली करा. पूर्णेपेक्षा थंड असंल."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचं चित्र काढत होतो. गावावर पतंग उडत होते. त्यातला एक नेमका सूर्यासमोरून गेला आणि आमच्या कागदावर त्याची सावली सरकली. शेपटी वर, डोकं खाली.

बाईंनी मान वर करून आभाळात पाहिलं. तिथे पतंगाची शेपटी खालीच लोंबत होती.

"सर, तुमची दुर्बीण उलटं दाखवायलीय."

म्हणजे दोन वर्षं सूर्यनारायण आमच्याकडे शीर्षासन करत होते आणि आम्ही पायाला डोकं समजत होतो! जागी होती ती उत्तर. तक्ता तयार, प्रदर्शन चार दिवसांवर. मी हळूच म्हणालो, "राहू द्या ना, बाई. सूर्यावर कोण जाणार बगायला?"

"मी बगितलं ना," त्या म्हणाल्या. मग खोडरबर घेऊन तक्त्यावरची स्वतःची सही खोडली, रबराचा चुरा फुंकून टाकला आणि गाडीच्या वेळेला निघून गेल्या.

परभणीला तक्ता लागला. त्यावर माझी एकट्याची सही आणि शेजारी पांढरा डाग. प्रमुख पाहुणे थांबले. "वा! दक्षिण जागी? खात्री आहे?"

माझं भाषण तोंडपाठ होतं. त्यात टाळ्यांच्या जागासुद्धा ठरलेल्या. मी कोपऱ्यात बसलेल्या बाईंकडे पाहिलं. त्या पेन्सिलीला टोक काढत होत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या.

मी तक्ता खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि परत टांगला.

"साहेब, उत्तर जागी. दुर्बीण उलटं दाखवते हे आम्हाला कळलंच नव्हतं. एका पतंगाने कळवलं."

पाहुण्यांनी मान वाकडी करून मथळा वाचायचा प्रयत्न केला. हेडमास्तर कुजबुजले, "शीर्षासन करून वाचायला लावता का साहेबाला?" बक्षीस पालमच्या शाळेच्या गोबर गॅसला गेलं. गोबर गॅस सरळ उभा होता.

गर्दी पांगल्यावर बाई उठल्या. खोडलेली जागा आता वर गेली होती. तिथे टाचा उंचावून त्यांनी सही केली आणि म्हणाल्या, "आमच्या घरी रविवारी या. वडलांशी पण असंच बोला."

तो तक्ता आमच्या बैठकीत आहे. तिची सही सरळ, माझी उलटी. पाहुण्यांना मी सांगतो, तो पतंग मीच उडवायला लावला होता. स्वयंपाकघरातून लगेच आवाज येतो, "आणू का खोडरबर?"