बाबांचं विमान

मला बघायला पाव्हणे आले की आमचे बाबा विमान पाडायचे. तेही समुद्रात! बांगलादेशच्या लढाईत ते नेव्हीच्या जहाजावर खलाशी होते. समुद्रात पडलेल्या विमानाचा पायलट त्यांनी स्वतः वर ओढला होता. त्यानं बाबांचं मनगट असं धरलं, की डेकवर आल्यावरही सोडेना. एकेक बोट उकलावं लागलं, असं सांगताना बाबा मनगट पुढं करायचे. जिंतूरकडच्या आमच्या गावात समुद्र पाहिलाय कुणी? लोक गालात हसायचे. दोन स्थळं तर "पोरीचा बाप लय बोलतो" म्हणून हातची गेली. मला त्या विमानाचा असा राग यायचा म्हणून सांगू! आता तेच ऐकायला मिळावं म्हणून जीव तुटतो.

वालूरचे पाव्हणे यायचे होते, तेव्हा आईनं आधीच बजावलं. "ओ, आज विमान काढायचं न्हाई. पोरगी घरातच ठेवायची हाय का?"

बाबा खरंच तोंड मिटून बसले. पण ते विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस. कुठंतरी रस्ता अडवला होता, परतीची एसटी आलीच नाही. चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या बशा रिकाम्या झाल्या, चहा दोनदा झाला, तरी पाव्हणे बसलेलेच. बोलणार तरी काय? बाबांनी आईकडं चोरून पाहिलं आणि पाडलं विमान!

मी दाराआड कपाळाला हात लावला. गेलं हेही स्थळ!

गोष्ट संपली तेव्हा मुलाचे काका जांभया देत होते. मुलगा मात्र पुढं सरकला. "मामा, पुढं त्याचं काय झालं? जगला का तो?"

बाबांनी पुढं केलेलं मनगट खाली घेतलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"त्याला दुसऱ्या जहाजावर नेलं. मला काईच कळलं न्हाई," ते म्हणाले. "आजबी जीवाला लागून हाय." आणि आमचे बाबा पाव्हण्यांसमोर रडले. तो मुलगा उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला. मला तो तिथंच आवडला.

लग्न झालं. मला सासरी धाडताना बाबांनी जीपपाशी माझं मनगट धरलं. "सोडा आता, पाव्हणे खोळंबलेत," आई म्हणाली. त्यांना ऐकूच जाईना. शेवटी मीच त्यांचं एकेक बोट उकललं. त्या गोष्टीतली तेवढी एकच बाब मला कायम थाप वाटायची.